गर्भपातानंतर तांबी, इंजेक्शन की इम्प्लांट? आधीच ठरवून ठेवा

गर्भपात करायचं ठरलं की सगळं लक्ष त्या एका दिवसावर असतं. कुठे करायचा, किती पैसे लागतील, घरी काय सांगायचं, दुखेल का. पुढचं काय हा प्रश्न निघालाच तर शेवटी निघतो, डिस्चार्जचा कागद हातात देता देता सिस्टर विचारतात "ताई, तांबी बसवायची का?" आणि तेव्हा बाई अर्धवट गुंगीत असते, पोट दुखत असतं, बाहेर रिक्षा थांबलेली असते, मग ती हो तरी म्हणते नाहीतर नाही तरी म्हणते, पण विचार करून काहीच म्हणत नाही. मी समुपदेशनाचं काम करते आणि हे मी इतक्यांदा बघितलंय की आता माझं एकच सांगणं असतं, साधन कोणतं घ्यायचं ते गर्भपाताच्या आधी ठरवा. पहिल्या तपासणीला जाल तेव्हाच विचारा, घरी या, दोन दिवस विचार करा, आणि मग त्या दिवशी डॉक्टरांना स्वतःहून सांगा मला हे हवंय, किंवा मला काहीच नकोय. दोन्ही उत्तरं चालतात.

घाई कशाला, पाळी आली की बघू, असं बऱ्याच जणी म्हणतात. तिथेच घोळ होतो. गर्भपातानंतर पाळी यायला चार ते सहा आठवडे लागतात पण बीज त्याच्या आधीच सुटतं, काहींना आठ-दहा दिवसांत, बऱ्याच जणींना दोन-तीन आठवड्यांत. म्हणजे पाळी एकदाही न येता परत दिवस जाऊ शकतात. जिचं बाळ आठ-नऊ महिन्यांचं आहे, अंगावर पितंय, पाळी सुरू झालेली नाही आणि तरी दिवस गेले, तिला हे वेगळं सांगावं लागत नाही, ती त्यातूनच आलेली असते. पुढचं मूल हवं असेल तरी निदान सहा महिने थांबा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, शरीर भरून यायला तेवढा वेळ हवाच.

आता साधनं. रोजच्या गोळ्या आणि निरोध यांच्याबद्दल मी इथे लिहीत नाहीये. ती वाईट नाहीत, पण रोज लक्षात ठेवायची साधनं आहेत, आणि गर्भपाताला आलेल्या कितीतरी जणी गोळी चुकली किंवा निरोध वापरला नाही म्हणूनच आलेल्या असतात. १०० बायकांनी वर्षभर निरोधवर भागवलं तर १३ ते १८ जणींना दिवस जातात, गोळ्यांवर ७ ते ९, आणि तांबीवर एकीपेक्षाही कमी. हा फरक औषधाच्या ताकदीपेक्षा जास्त माणसाच्या विसरण्याचा आहे. एकदा बसवलं की विसरून जायचं, हवं तेव्हा काढलं की परत मूल होऊ शकतं, अशी साधनं म्हणजे तांबी, हार्मोनवाली तांबी आणि दंडात बसवायचं इम्प्लांट. अंतरा इंजेक्शन काठावरचं आहे, दर तीन महिन्यांनी घ्यावं लागतं, पण आपल्याकडे ते सगळीकडे फुकट मिळतं म्हणून त्याच्याबद्दलही सांगते.

तांबीपासून सुरू करू. डॉक्टरांकडे जाल तेव्हा ती हातात घेऊन बघायला मागा, दाखवतात. पांढऱ्या प्लास्टिकचा टी असतो, उभी बाजू साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास, त्याच्या दांड्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली आणि खाली दोन दोरे लोंबत असतात. नळीत घालताना आडवे हात मिटतात आणि गर्भपिशवीत गेल्यावर परत उघडतात, बस. ती हातात घेतली की निम्मी भीती जाते कारण "तांबी" ऐकून डोळ्यासमोर भलताच मोठा धातूचा तुकडा येतो. सरकारी दवाखान्यात दोन प्रकार असतात, ३८०ए दहा वर्षं चालते आणि ३७५ पाच वर्षं. दोन्ही फुकट. दहा वर्षांची घेतली म्हणजे दहा वर्षं ठेवलीच पाहिजे असं नाही, दोन वर्षांनी मूल हवं वाटलं तर दोन वर्षांनी काढा.

तांबीत हार्मोन नसतो, तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात, आणि बसवल्या क्षणापासून ती काम करते. त्रास काय होतो, तर पहिले तीन ते सहा महिने पाळीत अंगावरून जास्त जातं आणि पोटात जास्त दुखतं. नंतर बहुतेकींचं कमी होतं, सगळ्यांचं होतंच असं नाही. म्हणून ज्यांची पाळी मुळातच जोरात असते, किंवा हिमोग्लोबिन आठ-नऊवर आहे, त्यांनी हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, ही काही चार-दोन जणींची गोष्ट नाही. रक्त कमी असलं तरी तांबी बसवता येते, मनाई नाही, पण मग लोहाच्या गोळ्या नीट घ्यायच्या आणि परत रक्त तपासायचं. दुसरं साधन मिळत असेल तर अशा बाईला मी आधी ते दाखवते.

तांबी वर चढते, काळजापर्यंत जाते, नवऱ्याला टोचते, जड उचललं की पडते, हे सगळं तुम्ही ऐकलं असेल. पिशवीतून काळजाकडे जायला वाटच नाहीये. खरे धोके आहेत ते वेगळे आहेत. बसवताना पिशवीला छिद्र पडणं, हे हजारात एखादीला होतं. आणि तांबी आपोआप खाली सरकून पडणं, हे गर्भपातानंतर लगेच बसवली तर नेहमीपेक्षा थोडं जास्त होतं, तीन महिन्यांच्या पुढचा गर्भपात असेल तर अजून जास्त. दोरा टोचतोय असं खरंच वाटत असेल तर तो कापून लहान करता येतो, पाच मिनिटांचं काम आहे.

हार्मोनवाली तांबी दिसायला तशीच, पण तांब्याच्या जागी त्यात प्रोजेस्टेरॉनसारखं औषध असतं आणि ते रोज थोडं थोडं पिशवीतच सुटत राहतं. मिरेना हे नाव बऱ्याच जणींनी ऐकलेलं असतं, बाकीही कंपन्या आहेत. ही साधारण पाच वर्षं नक्की चालते, काही ठिकाणी आता त्याहून जास्त काळ वापरायला मान्यता आहे, तुमच्या डॉक्टरांना विचारा. हिचं मोठं काम म्हणजे पाळीतला रक्तस्राव खूप कमी होतो, काहींची पाळी जवळजवळ बंदच होते. पहिले काही महिने मात्र अधूनमधून डाग पडत राहतात. अडचण पैशाची आहे, खाजगीत काही हजार रुपये लागतात. तरी मी म्हणते की ज्या बाईला अंगावरून जाण्याचा त्रास आहे आणि कुणीतरी तिला सरळ पिशवी काढून टाक म्हणतंय तिने आधी ही विचारून बघावी. २०१९ साली बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण किती गाजलं ते आठवा, तिशीतल्या बायका होत्या त्यात.

इम्प्लांट म्हणजे काडेपेटीच्या काडीपेक्षा जराशी बारीक, ४ सेंटीमीटरची मऊ कांडी, दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली बसवतात, भूल फक्त तेवढ्याच जागेला. तीन वर्षं चालते आणि दिवस राहण्याचं प्रमाण बघितलं तर सगळ्यात भारी हीच आहे. खालून तपासणी नको, पिशवीला हात लावायला नको, ही बऱ्याच जणींसाठी फार मोठी गोष्ट असते, विशेषतः गर्भपातानंतर लगेच, जेव्हा परत कुणी खालून तपासायला आलं तरी अंगावर काटा येतो. सरकारने ही २०२३ पासून टप्प्याटप्प्याने निवडक जिल्ह्यांत सुरू केलीय, सगळीकडे नाहीये, तुमच्या जिल्हा रुग्णालयात विचारावं लागेल. पाळीचं वेळापत्रक हिच्यामुळे बिघडतं, कधी पंधरा दिवस डाग, कधी दोन महिने काहीच नाही. धोका त्यात नाही पण कंटाळून काढायला येणाऱ्या बहुतेक जणी यासाठीच येतात. काढताना छोटा छेद द्यावा लागतो, त्यामुळे बसवायच्या आधीच विचारा की काढता येणारं माणूस इथे तीन वर्षांनीही असेल का, नाहीतर कुठे जायचं.

अंतरा. दंडात, मांडीत किंवा कमरेखाली सुई, तीन महिने निवांत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून वरती सगळीकडे फुकट, कार्ड मिळतं, त्यावर पुढची तारीख लिहितात, ते कार्ड जपा. सुई घेतल्यावर ती जागा चोळायची नाही आणि शेकायची नाही, औषध भराभर पसरतं आणि लवकर संपतं. तारखेवर घेत राहिलं तर हे तांबीच्या तोडीचं आहे, पण प्रत्यक्षात तारखा हुकतात म्हणून वर्षाला १०० पैकी ४ ते ६ जणींना दिवस जातात. तारीख चुकली तर घाबरू नका, दोन आठवडे आधी ते चार आठवडे उशिरापर्यंत घेता येतं. ऊसतोडीला दिवाळीनंतर बाहेर पडणाऱ्या बायकांचं इथेच अडतं, तिसऱ्या महिन्यात त्या कुठल्या फडावर असतील ते त्यांनाही माहीत नसतं. त्यांनी निघायच्या आधी एक सुई घेऊन कार्ड सोबत ठेवावं, जिथे असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवलं की पुढची सुई मिळू शकते, आणि हे जमणारच नसेल तर मग तांबी बरी. अंतराबद्दल अजून दोन गोष्टी माहीत असाव्यात. एक म्हणजे पाळी आधी अनियमित होते आणि नंतर पुष्कळ जणींची बंद होते, रक्त आत साठत नाही, तयारच होत नाही. दुसरी, शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागू शकतात, तेव्हा ज्यांना वर्षाभरात मूल हवंय त्यांनी अंतरा घेऊ नये असं मी स्पष्ट सांगते. वजन एक-दोन किलो वाढू शकतं.

मग निवडायचं कसं? मी बाईला आधी साधनांची नावं सांगतच नाही, घरचं विचारते. पुढचं मूल कधी हवंय, की नकोच आहे. पाळी कशी जाते, किती पॅड लागतात. आणि तिसरा प्रश्न फार कमी दवाखान्यांत विचारतात, तुमच्या घरी पाळी पाळतात का? ज्या घरात पाळीच्या दिवसांत बाजूला बसायचं, देवघरात स्वयंपाकघरात जायचं नाही, त्या घरात तीन आठवडे डाग पडत राहिले तर त्या बाईचं काय होतं ते तिलाच माहीत. ती महिन्याभरात साधन काढून टाकायला येते आणि मग आपण म्हणतो बायकांना पटत नाही. आणि उलटं पण आहे, पाळी बंद झाली की सासूच्या लक्षात येतं, परत दिवस गेले का म्हणून विचारणा सुरू होते. अशा घरात तांबी बरी पडते, पाळी जोरात आली तरी महिन्याच्या महिन्याला येते. नवऱ्याला सांगायचं नसेल तर तेही बोला, समोरच्या सिस्टरशी मोकळेपणाने बोला, कारण प्रत्येक साधन वेगळ्या ठिकाणी उघडं पडतं. तांबीचा दोरा हाताला लागू शकतो, इम्प्लांट दंडावर हात फिरवला तर लागतं, अंतरा कुठेच दिसत नाही पण दर तीन महिन्यांनी दवाखान्यात जायचं कारण शोधावं लागतं.

काही आजारांत निवड आपोआप ठरते. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल किंवा फिटच्या काही गोळ्या, कार्बामाझेपिन, फेनिटोइन, चालू असतील तर इम्प्लांटचा असर कमी होतो, तांबी आणि अंतरा चालतात. पिशवीचा किंवा ओटीपोटाचाच टीबी असेल तर तांबी कुठलीच नाही. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर हार्मोनचं काही नाही, म्हणजे हार्मोनवाली तांबी, इम्प्लांट, अंतरा यातलं एकही नाही, साधी तांबी चालते. म्हणून कोणत्या गोळ्या चालू आहेत ते सांगा, चिठ्ठी नसेल तर गोळीची पट्टीच घेऊन जा.

आता कधी बसवायचं, कारण हे गर्भपात कसा झाला त्यावर आहे.

पिशवी साफ केली असेल, म्हणजे सक्शन (मशीनने ओढून) किंवा एमव्हीए (हाताच्या पिचकारीने ओढून), तर तांबी त्याच वेळी, त्याच टेबलावर बसवता येते. पिशवीचं तोंड उघडलेलं असतं, दुखण्याचं औषध दिलेलं असतं, परत एकदा तपासणी नको. त्या दिवशी नाही जमलं तर १२ दिवसांच्या आत बसवतात. इम्प्लांट आणि अंतराही त्याच दिवशी देतात. सात दिवसांच्या आत घेतलं तर वेगळा निरोध लागत नाही, नंतर घेतलं तर पहिले सात दिवस निरोध वापरायचा, फक्त साध्या तांबीला हे कधीच लागत नाही.

गोळ्यांनी केला असेल तर तांबीला थोडं थांबावं लागतं. गोळ्यांचा गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत करतात, पहिल्या दिवशी एक गोळी, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या, आणि पंधराव्या दिवशी तपासणी. पिशवी पूर्ण मोकळी झालीय हे बघूनच तांबी बसवतात, म्हणजे बहुतेक पंधराव्या दिवशी. अंतरा किंवा इम्प्लांट त्याच्या आधीही, अगदी गोळ्या घेतानाच्या भेटीतही देता येतं. ती पंधराव्या दिवसाची भेट बऱ्याच जणी चुकवतात कारण रक्त थांबलेलं असतं आणि बरं वाटत असतं. चुकवू नका. मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणून घेतल्या असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा, लागली तर सोनोग्राफी करा, आत काही राहिलं असेल तर त्यावर तांबी बसवणं धोक्याचं आहे. लपवू नका, दाखवा.

ताप आहे, घाण वासाचं पाणी जातंय, ओटीपोट हात लावू देत नाही, म्हणजे इन्फेक्शन आहे, अशा वेळी तांबी नाही. आधी ते पूर्ण बरं करायचं, तोवर अंतरा किंवा इम्प्लांट चालतं. पिशवीला इजा झाली असेल तरी तसंच.

दवाखान्यात काही वेळा सांगतात, तांबी बसवणार असाल तरच गर्भपात करू. किंवा नवऱ्याची सही आणा. १९७१ च्या गर्भपात कायद्यात यातली एकही अट नाही. १८ वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते, १८ च्या खाली असेल तर पालकांची लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर साधन फसल्यामुळे दिवस गेले हे कारण लग्न न झालेल्या मुलीलाही लागू आहे, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही असं सांगितलं. तुमचं नाव गुप्त ठेवणं हे डॉक्टरांवर कायद्याने बंधन आहे. र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं, शंभर वर्षं उलटून गेली आणि अजूनही एखादी पोरगी तांबीबद्दल विचारायला ओपीडीत येते तेव्हा तिला आधी गळ्यातलं मंगळसूत्र शोधणाऱ्या नजरेतून जावं लागतं, याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. तुम्हाला कुणी अट घातली तर ती लिहून द्या म्हणा. बहुतेक वेळा लिहून देत नाहीत.

बसवल्यानंतरचं थोडक्यात. पुढची पाळी झाली की किंवा साधारण सहा आठवड्यांनी एकदा तपासून घ्या, तांबी जागेवर आहे की नाही ते कळतं. दोरा हाताला लागेनासा झाला, किंवा लांब झाल्यासारखा वाटला, किंवा दोऱ्याच्या जागी प्लास्टिकच लागतंय, तर लगेच जा आणि तोवर निरोध वापरा. तासाला दोन पॅड भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, किंवा थंडी वाजून ताप येतोय, तर सकाळपर्यंत थांबू नका. आणि तांबी असताना पाळी चुकली आणि एका बाजूला पोटात कळ येतेय तर त्याच दिवशी दाखवा, गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. लैंगिक आजारांपासून यातलं एकही साधन वाचवत नाही, त्याला निरोधच लागतो.

घरी गेल्यावर एक काम लगेच करा. कोणतं साधन बसवलं, कोणत्या तारखेला आणि कधी बदलायचं, हे मोबाईलमध्ये लिहून ठेवा आणि कार्डाचा फोटो काढा. दहा वर्षांत दवाखाना बदलतो, गाव बदलतं, आणि मग बाई येऊन म्हणते माझ्यात तांबी आहे पण कुठली ते आठवत नाही. काढायची तारीख तुम्हीच ठरवायची. काढून द्या म्हटल्यावर कारण विचारतील, मूल हवंय, त्रास होतोय, किंवा नुसतं नकोय, काहीही सांगा. नाही म्हणाले तर दुसऱ्या केंद्रात जा, कुठेही बसवलेली तांबी कुठेही काढता येते, पण स्वतः दोरा ओढू नका. आणि मूल नकोच असेल तर काढायच्या आधीच दुसरं साधन ठरवून जा, कारण तांबी किंवा इम्प्लांट काढलं की त्याच महिन्यात दिवस जाऊ शकतात.